लघवीच्या जागी पू. फॅमिली डॉक्टरांनी सिप्रो दिली, फरक नाही

सिन्नरकर: लघवीला जळजळ, पूसारखा स्राव. आमच्या डॉक्टरांनी न तपासता 'उष्णता आहे' म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन दिली. स्राव चालूच. बायकोला काहीच त्रास नाही, तिला सांगायलाच हवं का?

माजी समुपदेशक: सांगायलाच हवं. मी सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात होते. परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया हे संबंधातून पसरणारे आजार. बायकांना ते बरेचदा कळतच नाहीत, आत गर्भनलिका खराब होत राहतात. सिप्रोला परम्याचे जंतू आता दाद देत नाहीत. आमच्याकडे नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) सूचनांप्रमाणे करड्या रंगाचा किट क्र. १ असायचा: ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्झिम ४०० मि.ग्रॅ., एकच डोस, आमच्यासमोर. जोडीदारालाही तोच. पण हे वाचून दुकानातून गोळ्या आणू नका, आधी तपासणी करा. जिल्हा रुग्णालयात ती मोफत होते. सिफिलीस आणि एचआयव्हीची चाचणीही करून घ्या.

साताऱ्याचा जीपी: ताई बरोबर सांगताहेत. आमच्या दवाखान्यात पडद्यापलीकडे पेशंटचे नातेवाईक बसलेले असतात, मग डॉक्टर विचारत नाही आणि पेशंट बोलत नाही. तरी तपासणं आमचं कामच आहे. मी स्रावाचा नमुना आधी पाठवतो. परमा दिसला तर सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन देतो. दोघांचे उपचार झाल्यावर ७ दिवस संबंध नकोत.

सिन्नरकर: तिला सांगितलं. खूप रडली, पण सोबत येतेय. केसपेपर वेगळे काढावे लागतील का?

माजी समुपदेशक: हो, वेगळे. आणि समुपदेशकाला एकेकटे भेटा. काही अडलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.