जुना लॅपटॉप: रॅम, एसएसडी, बॅटरी की सरळ नवाच?

काठावरचा:
मंडळी, जरा सल्ला हवाय. लॅपटॉप आय५-७२००यू प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क (५४०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या), विंडोज १०. वापर म्हणजे ब्राउझरमध्ये टॅबांचा ढीग, एक्सेलच्या जाडजूड फायली, मुलीचे ऑनलाइन क्लास आणि कधीमधी फोटोंची काटछाट. बटण दाबून चहा टाकला तर चहा आधी होतो. दुरुस्तीवाल्याने यादी दिली: रॅम १६ करा, एसएसडी (चिपवाली डिस्क) टाका, बॅटरी बदला, प्रोसेसर थंड ठेवणारी थर्मल पेस्ट लावा, "जमलं तर प्रोसेसरपण वाढवू". एवढं सगळं करायचं तर नवाच का घेऊ नये? यातलं खरंच गरजेचं काय?

घाईत:
डोळे झाकून १६ जीबी रॅम. आठ जीबी आता ब्राउझरच खाऊन टाकतो. आणि एसएसडी घेणार असाल तर एनव्हीएमई जोडणीचीच घ्या, साटा जोडणी जुनी झाली.

सुटा_स्क्रू:
डोळे उघडे ठेवूनच करूया. प्रोसेसर यादीतून आधी खोडा. ७२००यू मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो, तो बदलायचा म्हणजे अख्खा बोर्ड बदलायचा. हे सुचवणाऱ्याच्या बाकीच्या यादीकडेही मी जरा संशयानेच बघेन.

आता एक काम करा. लॅपटॉप रडत असतानाच (नंतर नाही) कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. डिस्क किती टक्के आणि प्रत्यक्ष किती एमबी प्रति सेकंद? मेमरी किती वापरात, आणि 'कमिटेड' किती? त्याच पानावर रॅमचे स्लॉट किती आणि भरलेले किती तेही दिसतं. सीपीयूचा वेग किती गिगाहर्ट्झ? मग बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. तिथे powercfg /batteryreport टाइप करा, अहवालाची फाइल तयार होते. आकडे इथे टाका, मग बोलू.

काठावरचा:
घ्या आकडे.
चालू झाल्यावर बराच वेळ डिस्क १००%, पण वेग जेमतेम ३ एमबी. हे कसं काय?
मेमरी सुरुवातीला ४.६ जीबी. क्लास, टॅब आणि एक्सेल एकदम चालू असताना ७.१, कमिटेड ९.८. स्लॉट २ पैकी १ भरलेला.
सीपीयू कामाच्या वेळी २.९ ते ३.१ गिगाहर्ट्झ.
बॅटरीची मूळ क्षमता ४१,००० मिलीवॉट-तास, आता २३,५०० भरते.

सुटा_स्क्रू:
१००% आणि ३ एमबी, यातच सगळं आलं. ५४०० आरपीएम म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात हेड योग्य जागी सरकण्याचा वेळ. सेकंदाला शंभर विखुरलेले तुकडेसुद्धा वाचून होत नाहीत. विंडोज सुरू होताना मागते नेमके असेच हजारो बारीक तुकडे. डिस्क बिचारी पूर्ण राबतेय, पण जवळजवळ सगळा वेळ धावपळीतच जातोय. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, त्यामुळे ती असे हजारो तुकडे सेकंदात देते. तुमची पहिली खरेदी हीच.

साटा की एनव्हीएमई यावर वाद घालत बसू नका. साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीला थांबते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३५०० च्या आसपास जाते. पण हा फरक मोठाल्या फायली हलवताना दिसतो. एक्सेल उघडताना तुम्हाला तो ओळखूही यायचा नाही. तुमच्या बोर्डावर एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची खाच) असला तरी तो फक्त साटावाला असू शकतो, नुसत्या आकारावरून कळत नाही. मॉडेलचं मॅन्युअल बघा. स्लॉट नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी आताच्या डिस्कच्या जागी बसते.

वेग ३.१ पर्यंत जातोय, म्हणजे सीपीयू तापून मंदावत नाहीये. पेस्ट राहू द्या, पंख्यातली धूळ तेवढी काढा. फुंकताना पाती बोटाने धरून ठेवा.

घाईत:
आणि रॅम? कमिटेड ९.८ आहे हो, ८ च्या वर गेलंय!

सुटा_स्क्रू:
कमिटेड म्हणजे तेवढी रॅम भरली असं नव्हे, तो प्रोग्रामांना कबूल केलेला आकडा. पण ७.१ वापरात आहे हे खरं, त्या वेळी रॅममधलं थोडं डिस्कवर जात असणारच. आज ते फिरत्या डिस्कवर जातं म्हणून गळा आवळतो. एसएसडी लावून काही दिवस वापरा, तरी क्लास अडखळला तर रॅम.

उंबरठा:
इथे मी असहमत. खालचं झाकण उघडणारच आहात तर रिकाम्या स्लॉटमध्ये ८ ची एक पट्टी एकदाच लावून टाका. ड्युअल चॅनलने (दोन पट्ट्या एकदम चालल्याने) आतल्या ग्राफिक्सलाही हातभार लागतो. मात्र ७२००यू डीडीआर४ (रॅमची एक पिढी) ला २१३३ च्या वेगाच्या वर चालवत नाही, ३२०० ची पट्टीही तिथवरच धावेल. वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. आणि आधीची पट्टी डीडीआर४ च आहे ना ते पाहून घ्या, हा प्रोसेसर डीडीआर३एलवरही चालतो.

सुटा_स्क्रू:
झाकणाचा मुद्दा मान्य. पण हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. उद्या लॅपटॉप बदलला तर साटा एसएसडी यूएसबीच्या डबीत घालून बाहेरून वापरता येते. ही रॅम डीडीआर५ वाल्या नव्या मशीनमध्ये बसणारच नाही. म्हणून मी हात आखडता घेतोय. लिनक्सवर जायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. क्लास ब्राउझरमध्ये चालतील, एक्सेलचे मॅक्रो मात्र रुसतील.

बॅटरी ५७ टक्क्यांवर आहे. प्लग लावूनच काम करत असाल तर चालवा. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगला, तर मात्र वापर तिथेच थांबवा.

काठावरचा:
टचपॅड सपाट आहे. एसएसडी नक्की, रॅमचं नंतर बघतो. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करू का?

उंबरठा:
आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत बघा.

काठावरचा:
पिवळं 'कॉशन' दाखवतंय. 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे तुकडे) ८.

सुटा_स्क्रू:
मग क्लोन विसरा. चेकडिस्कही (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका, डिस्कला आणखी ताण नको. एक्सेल आणि फोटो आत्ताच बाहेरच्या डिस्कवर घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवा. एसएसडी आली की विंडोज नव्याने टाका. ही डिस्क बॅकअपसाठीसुद्धा परत वापरू नका.

काठावरचा:
कॉपी लावलीय. फोटोंच्या एका फोल्डरवर अडकलीय मघापासून.

सुटा_स्क्रू:
ते फोल्डर सोडा, बाकीचं आधी काढा. त्याच्याकडे सगळ्यात शेवटी या.