जुन्या माझदा एमएक्स-५ मधील ऑइलगळती : गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय पाहावे?

प्रश्न : घाटवाट, सातारा

नमस्कार. माझ्या मामांनी ब्रिटनमधील नोकरी आटोपून परतताना आणलेली १९९१ सालची माझदा एमएक्स-५ (१.६ लिटर, मॅन्युअल गिअर) सध्या माझ्याकडे आहे. गाडी रोजच्या वापरात नाही. सुट्टीच्या दिवशी यवतेश्वर घाटाने कासपर्यंत जाऊन येणे, एवढेच तिचे फिरणे. गेल्या पावसाळ्यापासून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याशी, म्हणजे बेल हाउसिंगच्या खालच्या कडेवरून, ऑइल ठिबकते. घाट चढून थांबल्यावर जळक्या ऑइलचा वास येतो आणि रात्रभर उभी राहिली, की फरशीवर तळहाताएवढा डाग पडलेला असतो.

येथील मेकॅनिकचे म्हणणे असे, की क्रँकचे मागचे ऑइल सील गेले असून गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही. या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट आहे. गिअरबॉक्स काढायचा म्हणजे ती चौकट, प्रोपेलर शाफ्ट आणि एक्झॉस्टचा पुढचा भाग सोडवावा लागणार. खर्चाची तयारी आहे. परंतु एवढे उघडूनही गळती तशीच राहिली तर काय, ही शंका मनातून जात नाही. या इंजिनाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : कृष्णाकाठ, सांगली

गिअरबॉक्सला अजून हात लावू देऊ नका. या इंजिनात हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) अगदी मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्याला) जवळजवळ टेकून, कॅम अँगल सेन्सर म्हणजे कॅमशाफ्टची स्थिती टिपणारा सेन्सर बसवलेला असतो. तो कॅमशाफ्टच्या टोकावरच फिरतो आणि हेडमध्ये शिरणाऱ्या त्याच्या गोल भागावर ऑइल अडवण्यासाठी एकच रबरी ओ-रिंग असते. इतकी वर्षे उष्णतेत राहून ती रिंग कडक आणि चपटी होते, तिच्या बाजूने झिरपलेले ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून बेल हाउसिंगच्या तळाशी जमते, आणि मागचे सील गेल्यावर जिथे थेंब दिसावा नेमका तिथेच ते दिसते. त्यामुळे खालून पाहणाऱ्याने सीलवर बोट ठेवावे, यात नवल नाही.

इंजिन थंड असताना सेन्सरच्या खालच्या बाजूस बोट फिरवून पाहा. तेथे डोळा पोहोचत नाही, म्हणून हातातला छोटा आरसा आणि टॉर्च लागेल. ओलावा आढळला तरी तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. हेडची पाठ, ब्लॉक आणि बेल हाउसिंग डिग्रीझरने स्वच्छ धुवा (सेन्सरच्या आणि कॉइलच्या जोडण्यांवर पिशवी बांधूनच), सुकल्यावर त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि एकदा घाट चढून या. ऑइल वर चढत नाही; पावडर जिथे सर्वांत उंचावर भिजलेली दिसेल, तेथून गळती सुरू होते असे धरावे.

सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या आणि हेडच्या सांध्यावर टोकदार वस्तूने एक सरळ रेघ ओढून ठेवा. तो बारा नंबरच्या एकाच बोल्टवर असतो आणि थोडा फिरवत ओढला की निघतो. त्याच्या टोकाचे दाते मध्यापासून किंचित सरकलेले असल्याने तो उलटा बसत नाही. मात्र तो जितका फिरेल तितका इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बदलतो, म्हणून रेघ महत्त्वाची. शेवटी डायग्नोसिस असे लिहिलेल्या डबीतील टीईएन आणि जीएनडी या दोन पिना वायरने जोडून, गरम इंजिन आयडलवर ठेवून, टायमिंग लाइटने टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याच्या बिंदूच्या) आधी १० अंश येतात का ते तपासावे. ओ-रिंग साध्या नायट्राइलऐवजी व्हायटॉनची घ्या. नायट्राइल साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, व्हायटॉन २०० च्या आसपास.

उत्तर : जुनागॅरेज, कोल्हापूर

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त टॅपेट कव्हरही (हेडवरचे झाकण) त्याच वेळी पाहून घ्यावे. त्याचे पॅकिंग बहुधा मागच्या कोपऱ्यांत, कॅमच्या कॅपपाशी, सोडते आणि तेथील ऑइलही त्याच वाटेने खाली जाते. नवे पॅकिंग बसवताना सिलिकॉन सीलंट केवळ त्या कोपऱ्यांवर तुरीच्या दाण्याएवढे लावावे. आपल्याकडे सगळ्या कडेला जाड थर फासण्याची सवय आहे. आत सुटलेले त्याचे तुकडे तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, आणि मग गळती परवडली म्हणण्याची वेळ येते. कव्हरचे बोल्टही ५ ते ९ न्यूटन-मीटरच्या पुढे आवळू नयेत.

कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधील वायू बाहेर जाऊ देणारी झडप) काढून हलवा. खुळखुळला नाही तर बदला, कारण तो तुंबला की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि जुन्या रबरातून ऑइल बाहेर पडते.

उत्तर : महाबळेश्वर रोड, वाई

मेकॅनिकला एकदम खोडून काढू नये, असे मला वाटते. मागचे सील खरोखर गेले असेल, तर ऑइल क्लचप्लेटवर उडून क्लच घसरू लागतो. घाटात चौथ्या गिअरला जोर दिल्यावर आरपीएम वाढतात, पण वेग वाढत नाही. थेंब बोटावर घेऊन वासही घ्या. गंधकासारखा उग्र वास असेल, तर ते इंजिनाचे नसून गिअर ऑइल आहे, म्हणजे गिअरबॉक्सचे पुढचे सील पाहावे लागेल. वरचा भाग कोरडा राहूनही बेल हाउसिंगच्या आतून ऑइल येत असेल, तर गिअरबॉक्स उतरवणे टळणार नाही. मग क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि सील हे सर्व एकदमच बदलून घ्यावे, कारण मजुरी तीच पडते.

प्रश्नकर्ता : घाटवाट, सातारा

सर्वांचे आभार. धुऊन, पावडर लावून घाट चढवला. सेन्सरखालची पावडर पूर्ण भिजली होती, कव्हरचा मागचा एक कोपराही ओलसर होता. निघालेली ओ-रिंग नखाने दाबली तर दबेना, वाकवताच तडकली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मापाची व्हायटॉन रिंग मिळाली. कव्हरचे पॅकिंगही बदलले, टायमिंग १० अंशांवर आणले. बेल हाउसिंग आता कोरडे आहे आणि क्लच घसरत नाही. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, क्रँक पुलीच्या मागे मात्र बारीक ओलावा दिसतो. तेही लगोलग उघडावे काय?

उत्तर : कृष्णाकाठ, सांगली

थेंब पडत नसेल, तर टायमिंग बेल्ट बदलण्याच्या वेळी क्रँकचे पुढचे सील आणि दोन्ही कॅम सील एकत्र करा. तोपर्यंत पुलीचा मधला बोल्ट कोणाला सैल करू देऊ नका. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकचे पुढचे टोक आखूड आहे, आणि तो बोल्ट ठरलेल्या टॉर्कने नीट आवळला गेला नाही, तर पुलीला क्रँकशी बांधणाऱ्या चावीची (लोखंडी पाचरीची) खाच झिजून क्रँकच निकामी होतो. १९९१ च्या गाड्यांत दोन्ही प्रकारचे क्रँक सापडतात. आखूड टोकाच्या पुलीला चार खाचा असतात, लांब टोकाच्या पुलीला आठ. बॉनेट उघडून आधी त्या मोजा.