मदत हवी आहे: स्टिरिओत आधी काय बदलू? अँप (अँप्लिफायर), स्पीकर की टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर)?

खणभागकर
बजेट २५ हजार. रविवारी पुण्याला जातोय, त्याआधी ठरवायचंय. सेट वडिलांचा आहे, आवाज फाटतो. सगळं एकदम बदलणं परवडत नाही. 'कानाला आवडेल ते घ्या' असं कृपया सांगू नका, दुकानात दहा मिनिटांत काय कळणार? नेमकं सांगा.

आठ_ओहम
अहो, अँप किती वॅटचा, स्पीकर कसले, खोली केवढी, ऐकता काय? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

खणभागकर
३० वॅटचा जुना अँप. स्पीकरमध्ये ८ इंची वूफर (खर्जाचा मोठा शंकू). खोली १० बाय १२. शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, बहुतेक एलपीच.

पन्नास_हर्ट्झ
अँप बदला. एवढ्या वर्षांत आतले कपॅसिटर सुकलेले असणार. माझ्या अँपमधून सतत हूं असा आवाज यायचा, नवा आणला आणि घर शांत झालं. १०० वॅटचा घ्या म्हणजे पुन्हा बघायला नको.

आठ_ओहम
त्यांच्याकडे हूं येतो असं त्यांनी कुठं म्हटलंय? आणि १० बाय १२ ला १०० वॅट कशाला? वॅट दुप्पट केले तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात. तेवढाच फरक, तेवढ्याच वॅटवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर काढून ९० देणारा लावला तरी पडतो. आवाजाचा पोत स्पीकर ठरवतो, पैसे तिथंच घाला.

पन्नास_हर्ट्झ
मरायला टेकलेला अँप नव्या स्पीकरचा ट्वीटर (तार आवाजाचा छोटा शंकू) जाळतो, ते कोण भरून देणार?

सोपं_करा
साउंडबार घ्या, मोबाइल जोडा, विषय संपला.

खणभागकर
एलपी ऐकायच्या आहेत हो. वडिलांच्या दीडशे आहेत.

मिरजेचा_तंबोरा
सतारमेकर गल्लीच्या जवळ राहतो म्हणून सांगतो, तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणकार) ज्या स्पीकरवर नीट उलगडते तो स्पीकर खरा. आमच्याकडं नुसती फरशी होती तेव्हा सगळा आवाज घुमायचा. जाड सतरंजी अंथरली, स्पीकरचे पेटारे भिंतीपासून दोन फूट पुढं ओढले, तर अब्दुल करीम खाँसाहेबांचे स्वर वेगळेच ऐकू यायला लागले. आधी फुकटातलं करून बघा की.

काठावरचा
२०१९च्या पुरात आमच्या रेकॉर्ड भिजल्या, त्यावरून एक सांगतो. धुवायच्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर वापरा. ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, लाखेच्या) रेकॉर्डना स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. माझ्या चार तशाच गेल्या, अजून जीव तुटतो.

सुईदोरा
खणभागकर, मोबाइल लावला तरी आवाज फाटतो का? रेकॉर्डवर फाटत असेल तर सुरुवातीला की शेवटाला?

खणभागकर
आत्ता लावून बघितलं. मोबाइलवर गाणं स्वच्छ आहे. रेकॉर्डवर फाटतं, तेही शेवटच्या गाण्यात. बाईंचा 'स' चरचरतो.

सुईदोरा
मग सुई. सुरुवातीला, बाहेरच्या कडेला, खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर सरकते, शेवटाला, लेबलजवळ, २०च्या आसपास. तिथं तेवढंच गाणं कमी जागेत दाटीनं कोरलेलं असतं, झिजलेल्या सुईला ते वाचता येत नाही. सुई कधी बदलली होती?

खणभागकर
बदललेली आठवत नाही. वडील रोज तासभर ऐकायचे, दहा वर्षं तरी.

सुईदोरा
साधी सुई ५०० ते १००० तास चालते. तुमची तीन हजारांच्या पुढं गेलीय. आता तिनं एकही रेकॉर्ड वाजवू नका, खाच कायमची खरवडते, मग नव्या सुईलाही तो 'स' सापडणार नाही.

आठ_ओहम
हे बरोबर आहे. पण स्पीकर सोडू नका. मोबाइलवर तबला लावा, बायाँ (डग्गा) ऐका. आणि जाळी काढून वूफरच्या कडेला हलकं बोट लावा.

खणभागकर
डाव्या पेटाऱ्यात बायाँ भरभरतो. कडेचा फोम बोटाला काळ्या भुकटीसारखा लागला, एका जागी चीर आहे. उजवीकडं मऊ आहे पण शाबूत.

पन्नास_हर्ट्झ
अँप बंद करून डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. भरभर उजवीकडं गेली तर अँपचा दोष.

खणभागकर
केलं. भरभर डावीकडंच आहे.

पन्नास_हर्ट्झ
मग अँप शाबूत आहे. माझा सल्ला मागे घेतो.

आठ_ओहम
नवे स्पीकर नकोत. दोन्ही वूफरचा फोम बदला, एकाचा बदलला तर दोघांचा आवाज जुळत नाही. शंकूचा व्यास आणि बाहेरच्या फ्रेमचा व्यास, दोन्ही मोजून लिहून ठेवा. नुसतं '८ इंची' सांगितलं तर फोमची चुकीची रिंग येते.

खणभागकर
म्हणजे २५ हजार लागतच नाहीत? पुण्याचं रद्द करतो. सुई कुठली मागवू?

सुईदोरा
कार्ट्रिजवरचा (सुई ज्यात बसते त्या डबीवरचा) नंबर सांगा.

खणभागकर
पुढून काही दिसत नाही. हेडशेल (कार्ट्रिज धरणारं आर्मचं टोक) काढून बघू का?

सुईदोरा
काढा. पण आधी अँप बंद करा, आर्म (सुईचा दांडा) त्याच्या स्टँडवर अडकवा आणि सुईला बोट लागू देऊ नका. वरच्या अंगाला किंवा कडेला बारीक अक्षरांत असतो. फोटो इथंच टाका.