मदत हवी आहे: ॲड्रिनलची गाठ, अल्डोस्टेरॉन, आणि संशोधनात भाग घ्यावा का?

अंगणवेल:

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या बहिणीबद्दल विचारायचं आहे. वय ४४. बीपी तिशीतच सुरू झालं. सध्या तीन गोळ्या चालू आहेत, तरी वरचा आकडा १५०च्या खाली टिकत नाही. पोटॅशियम सारखं कमी यायचं. लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे होत असेल म्हणून ती गोळी बदलली, तरी फरक नाही. शेवटी एका एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोन्सच्या डॉक्टर) बाईंनी रेनिन आणि अल्डोस्टेरॉन एकाच वेळी तपासायला लावलं. अल्डोस्टेरॉन म्हणजे मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचं, मीठ धरून ठेवणारं हार्मोन; रेनिन त्याला चालना देतं. रेनिन जवळजवळ नाहीच, अल्डोस्टेरॉन भरपूर. मग चार तासांत दोन लिटर सलाइन देऊन अल्डोस्टेरॉन पुन्हा मोजलं. निरोगी माणसात ते खाली येतं म्हणे, ताईचं हललंच नाही. निदान: प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम, म्हणजे ॲड्रिनल आपल्याच मनाने जास्त अल्डोस्टेरॉन सोडतेय.

सीटीमध्ये डाव्या ॲड्रिनलवर १४ मिलिमीटरची गाठ आहे. उजव्या बाजूबद्दल रिपोर्टात 'किंचित जाडसर' एवढंच लिहिलंय.

भावोजींचं म्हणणं, गाठ दिसतेय, दुर्बिणीतून निघते, मग काढून मोकळं व्हा. डॉक्टर म्हणतात, आधी एव्हीएस. म्हणजे जांघेतून नळी घालून दोन्ही ॲड्रिनलच्या शिरांतलं रक्त घ्यायचं आणि अल्डोस्टेरॉन नक्की कुठल्या बाजूने येतंय ते पाहायचं. शिवाय तिथे एक संशोधन चालू आहे. त्यात एव्हीएस तर होतेच, वर मेटोमिडेट नावाचा पदार्थ किरणोत्सारी करून टोचतात आणि एक पेट स्कॅनही काढतात. ताईला त्यात भाग घ्याल का विचारलंय. तिने संमतीपत्र वाचून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तूच बघ आता.

मला कळत नाहीये ते असं: गाठ डोळ्यांना दिसत असताना ही नळीची तपासणी खरंच लागते का? ती फसते असंही ऐकलं, ते का? आणि संशोधनात जायचं तर सही करण्याआधी काय काय विचारून घ्यावं? कुणी यातून गेलं असेल तर जरूर लिहा. निदान बदलून हवंय असं नाही, फक्त पुढच्या भेटीला हात हलवत जायचं नाहीये.

तिठा:

मी गेलोय यातून. माझी गाठ सीटीत उजवीकडे दिसली होती, चांगली ठसठशीत. एव्हीएसमध्ये दोन्ही बाजू जवळपास सारखंच अल्डोस्टेरॉन सोडताना सापडल्या. गाठ नुसती बसून होती. काढली असती तर एक ॲड्रिनल गेली असती आणि बीपी तिथेच राहिलं असतं. आता गोळ्यांवर आहे. स्पायरोनोलॅक्टोनने (अल्डोस्टेरॉनचं काम अडवणारी गोळी) छाती दुखायला आणि फुगायला लागली (पुरुषांना होतं हे, आधी सांगत नाही कुणी), म्हणून तशाच दुसऱ्या गोळीवर, एप्लेरेनोनवर आलो. पोटॅशियम ठीक, बीपी ठीक.

तपासणीचं म्हणाल तर जागेपणीच होते. जांघेत सुई टोचताना दुखतं, पुढे कंटाळाच जास्त. नंतर बराच वेळ पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं.

मुशाफिर:

ऑपरेशनची घाई नको. मीठ कमी करा आणि ज्येष्ठमधाचा काढा सुरू करा, हार्मोन्स आपोआप ताळ्यावर येतात. आमच्या नात्यात एकाला गुण आला.

स्टेथो:

@मुशाफिर, मिठाचं बरोबर आहे. ज्येष्ठमध मात्र या आजारात अजिबात नको. त्यातल्या ग्लिसिऱ्हायझिनमुळे मूत्रपिंडात कॉर्टिसोल (ॲड्रिनलचंच दुसरं हार्मोन) अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं. म्हणजे बीपी वाढतं, पोटॅशियम पडतं, आणि तपासण्यांचे आकडेही बिघडतात.

@अंगणवेल, मी हार्मोन्सच्याच विभागात काम करते. फाइल न बघता सल्ला देणार नाही, पण तुमच्या भावोजींची शंका रास्त आहे, तिचं उत्तर देते. चाळिशीनंतर ॲड्रिनलवर काहीही न करणाऱ्या गाठी बऱ्याच जणांत सापडतात. उलट खरा दोषी भाग कधीकधी इतका लहान असतो की सीटीत दिसतही नाही. २००९ मध्ये ९५० रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सुमारे ३८ टक्क्यांमध्ये सीटी किंवा एमआरआयचं उत्तर एव्हीएसशी जुळलं नव्हतं. पस्तिशीच्या आतला रुग्ण, पोटॅशियम आपसूक कमी, अल्डोस्टेरॉन खूप जास्त, एकाच बाजूला स्पष्ट गाठ आणि दुसरी बाजू अगदी स्वच्छ, असं असेल तर एव्हीएस वगळता येते. ताई ४४च्या आहेत आणि उजवी बाजू 'जाडसर' आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. २०१६ मध्ये युरोपात 'स्पार्टाकस' नावाची चाचणी झाली (नावं ठेवण्याची हौस दांडगी आमच्याकडे). २०० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं: एका गटाचा निर्णय सीटीवरून, दुसऱ्याचा एव्हीएसवरून. वर्षभराने बीपीसाठी लागणाऱ्या औषधांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यावर आजही वाद चालतो. माझं मत एव्हीएसच्या बाजूने आहे, पण ती करणारा हात सरावलेला असेल तरच.

कारण ती फसते ती बहुतेक उजवीकडे. डावी ॲड्रिनल शीर मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते, तिथे नळी बऱ्यापैकी सहज जाते. उजवी आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते, तिचं तोंडच सापडत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्यात कॉर्टिसोलही मोजतात. हातापायाच्या रक्तापेक्षा ते पुरेसं जास्त नसेल, तर नमुना ॲड्रिनलचा नाहीच. शीर फाटण्याचा धोका अनुभवी केंद्रांत एक टक्क्याच्या आत असतो.

पेट स्कॅनचं संशोधन नेमकं इथून निघालं. मेटोमिडेट हे ॲड्रिनलमधल्या हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमांना चिकटतं, त्यामुळे काम करणारी गाठ स्कॅनवर उजळते. पण ते कॉर्टिसोल बनवणाऱ्या एन्झाइमालाही चिकटतं, म्हणून आधी तीन दिवस डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन तो भाग शांत करतात. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात १४३ रुग्णांची एव्हीएस आणि हा स्कॅन दोन्ही केले, निष्कर्ष २०२३ मध्ये आले: शस्त्रक्रियेचा परिणाम वर्तवण्यात स्कॅन एव्हीएसपेक्षा कमी ठरला नाही. अडचण अशी की त्यातल्या किरणोत्सारी कार्बन-११चं अर्धायुष्य फक्त २० मिनिटं, म्हणजे तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळच हवं. म्हणून फ्लोरिन-१८ वापरून जास्त टिकणारे पदार्थ तपासणं चालू आहे.

कोयंडा:

क्लिनिकल ट्रायल्समध्ये समन्वयक म्हणून काम केलंय, त्यामुळे सहीबद्दलच बोलतो.

सगळ्यात आधी हे विचारा: स्कॅन आणि एव्हीएसचं उत्तर वेगवेगळं आलं तर शस्त्रक्रियेचा निर्णय कशावर घेणार? आणि स्कॅनचा निकाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दिसणार का? काही अभ्यासांत तो मुद्दाम झाकून ठेवतात. त्यात गैर काही नाही, पण 'स्कॅन केला म्हणजे ताईला फायदा झाला' असं घरचे धरून चालतात आणि मग नाराज होतात. तुमच्या वर्णनावरून सगळ्यांच्याच दोन्ही तपासण्या होतात असं वाटतं, तरी रुग्ण गटांत वाटले जाणार आहेत का ते विचारून घ्या.

नकार दिला तर एव्हीएस लांबणार नाही ना, इजा झाली तर उपचाराचा खर्च कोणाकडे, रक्ताचे नमुने पुढे जनुकीय तपासणीसाठी ठेवणार का, हेही विचारा. मधेच बाहेर पडता येतं आणि कारण सांगावं लागत नाही, ही ओळ संमतीपत्रात असलीच पाहिजे. किरणोत्सर्गामुळे स्कॅनआधी गर्भधारणेची चाचणी होईल, त्याने ताईंनी दचकू नये.

आणि सही ताईंची आहे. तुम्ही समजून घ्या, समजावून सांगा, पण 'तूच बघ'वर सोडू नका.

अंगणवेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. तिठा, तुमचा अनुभव भावोजींना वाचून दाखवला, ते जरा गप्प झालेत.

@स्टेथो, दोन गोष्टी राहिल्या. ताई आधीपासून स्पायरोनोलॅक्टोनवर आहे, ती एव्हीएसआधी बंद करायची का? आणि दोष डावीकडचाच निघाला व गाठ काढली, तर गोळ्या कायमच्या सुटतील ना?

स्टेथो:

गोळी मनाने बंद करू नका. बरेचदा काही आठवडे आधी थांबवून दुसरी देतात. पण रेनिन अजून दबलेलंच असेल तर चालू ठेवूनही एव्हीएस करतात, आणि पोटॅशियम त्याआधी भरून काढावंच लागतं.

गोळ्या सुटण्याबद्दल जास्त आशा लावून बसू नका. एका बाजूच्या आजारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ७०५ जणांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१७ मध्ये आला. हार्मोन आणि पोटॅशियम ९४ टक्क्यांमध्ये पूर्ण सुधारलं, पण औषधाशिवाय बीपी नॉर्मल राहिलं ते ३७ टक्क्यांमध्ये. आणखी ४७ टक्क्यांमध्ये गोळ्या कमी झाल्या किंवा बीपी आधीपेक्षा उतरलं. स्त्रियांमध्ये आणि कमी वयात निकाल जास्त चांगले होते.

एक मात्र फाइलमध्ये आजच बघा: १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची रात्रीची तपासणी (रात्री गोळी घेऊन सकाळी कॉर्टिसोल मोजतात ती) झालीय का? काही गाठी अल्डोस्टेरॉनबरोबर कॉर्टिसोलही सोडतात. तसं असेल तर एव्हीएसचं गणित चुकतं, कारण ते कॉर्टिसोलच्या तुलनेवरच उभं आहे. शिवाय गाठ काढल्यावर उरलेली ॲड्रिनल काही काळ सुस्त राहू शकते, मग स्टिरॉइड द्यावं लागतं. प्लाझ्मा मेटानेफ्रिन ही रक्ततपासणीही बघा, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा (ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं सोडणारी गाठ) नाही हे कळेल. तसली गाठ असली तर आधी तयारी न करता शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते.

अंगणवेल:

बघितलं. मेटानेफ्रिनचा रिपोर्ट आहे, नॉर्मल. डेक्सामेथासोनचा कागद कुठेच नाही. ताईने डॉक्टरांना तसा निरोप पाठवलाय आणि कोयंडांचे प्रश्न संमतीपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेत. उत्तरं मिळाली की इथे लिहिते.