पवन मावळात गाडीशिवाय भटकंती: लोकल आणि एसटीने जमतील अशा वाटा सुचवा

पायवाट
पुण्याहून लोकलने निघून, पुढे एसटी किंवा वडापने (शेअर जीपने) जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशा वाटा हव्या आहेत. इंद्रायणी आणि पवनेच्या खोऱ्यातल्या असतील तर उत्तम. चौघे आहोत. दोघांना गडांची सवय आहे, एक जण पहिल्यांदाच येतोय, आणि एक ज्येष्ठ आहेत (वय ६७) ज्यांचे गुडघे उतरताना दुखतात. दिवाळीनंतर निघायचा विचार आहे. कुठून सुरुवात करावी, परतीचं कसं जमवावं आणि फसायला कुठे होतं, तेवढं सांगा.

घाटमाथा
गड ठरवायच्या आधी परतीची गाडी ठरवा. या भागात लोकांची पंचाईत होते ती मुक्कामी गाडीमुळे. संध्याकाळी गावात जाणारी शेवटची एसटी तिथेच रात्रभर थांबते आणि पहाटे निघते. त्यामुळे ‘शेवटची गाडी किती वाजता?’ असं विचारलं की मिळणारी वेळ बरेचदा जाणाऱ्या गाडीची असते. ‘गावातून परत यायला शेवटची गाडी कधी?’ असंच विचारा. लोणावळ्याला एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक सांगतात. कामशेतला थांब्यावर चौकशी करा आणि गाडीत बसल्यावर वाहकाकडून पुन्हा खात्री करून घ्या.

दुसरं म्हणजे रविवार. खेड्यातल्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळेवर बांधलेल्या असतात. सुट्टीच्या दिवशी त्यातल्या काही बंद असतात. इंटरनेटवर सापडलेल्या जुन्या वेळापत्रकावर तर अजिबात विसंबू नका. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी हीच आपली गाडी समजून दिवस आखा.

अनवाणी
पहिल्यांदा येणारा माणूस सोबत आहे, तर लोहगडापासून सुरुवात करा. इथे एसटीची गरजच नाही. लोकलने मळवलीला उतरायचं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावात यायचं. तिथवर पाऊण तास धरा. लेणी आधी बघून घ्या, इसवी सनापूर्वीची आहेत आणि उन्हं चढायच्या आत बघितलेली बरी. भाज्यातून चढत गायमुख खिंडीत आलात की उजवीकडे लोहगडवाडी, डावीकडे विसापूर. मळवली ते लोहगडवाडी रमतगमत दोन-अडीच तास.

वाडीपासून वर सगळ्या पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी एकामागोमाग चार दारं लागतात, आणि त्यांच्यामधली नागमोडी वाट हीच या गडाची खरी शान. घाईने वर जाऊन विंचूकाट्यावर (गडाच्या लांब निमुळत्या सोंडेवर) फोटो काढून परतू नका, दरवाजांची रचना खालून वर न्याहाळत जा. एका दारातून आत शिरलेला माणूस पुढच्या तटाच्या माऱ्यात कसा सापडतो, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. २०२५ साली जागतिक वारशात आलेल्या बारा किल्ल्यांमध्ये लोहगड आहे.

गुडघ्यांसाठी: पायऱ्यांची उंची सारखी नाही, उतरताना दणका बसतो. दोन काठ्या घ्या, एक पुरत नाही. उंच पायरीला आडवं होऊन उतरायचं, काठ्या आधी खाली टेकवायच्या. वाडीपासून भाज्यापर्यंत पाऊलवाटेऐवजी डांबरी रस्त्याने या, अंतर वाढलं तरी चालेल.

पायवाट
त्याच दिवशी विसापूरही होईल का? सवय असलेले दोघे तेवढं करतील, बाकीचे वाडीत थांबतील असा विचार आहे.

अनवाणी
दोघांना होईल, पण गायमुख खिंडीतून सकाळी दहाच्या आत सुटायला हवं. विसापूर चढायला कठीण नाही, वाट सापडायला कठीण आहे. खिंडीतून गडाच्या पायथ्याने जाताना गुरांच्या वाटा पदोपदी फुटतात, आणि त्या ठळक असतात म्हणूनच फसवतात. तुम्हाला हवी ती वाट मोठाल्या धोंड्यांनी भरलेल्या घळीतून वर चढते. पावसाळ्यात तिथून पाणी वाहतं. झाडीतली वाट बराच वेळ आडवीच जात राहिली किंवा उतरू लागली, तर ती सोडा आणि शेवटच्या ओळखीच्या जागेवर परत या. ‘पुढे कुठेतरी मिळेल’ म्हणत रेटलं की माणूस कड्याखालच्या रानात अडकतो. वर पठार अफाट पसरलेलं आहे. जिथून वर आलात ती जागा नीट ध्यानात ठेवा, धुक्यात सगळ्या बाजू सारख्याच दिसतात. आणि गट फुटणार असेल तर भेटायची वेळ आधीच ठरवा, डोंगराच्या आडोशाला फोन लागेलच असं नाही.

तटबंदी
लोहगडानंतर तिकोना आणि बेडसे एका दिवसात करा. कामशेतला लोकलमधून उतरून पवनानगरची एसटी किंवा जीप. पवनानगरला जुनी माणसं काळे कॉलनी म्हणतात, जीपवाले दोन्ही नावं घेतात, गोंधळू नका. तिथून पुढे तिकोनापेठेवरून जाणारी गाडी मिळाली तर छान, नाहीतर तासभराची चाल. पेठेपासून माथा तास-सव्वा तास. वाटेत चपेटदान मारुती आणि चुन्याचा घाणा लागतो. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या मात्र उभ्या आणि अरुंद आहेत. समोरून माणसं उतरत असतील तर खालीच थांबून त्यांना जाऊ द्या, मध्ये बगल द्यायला जागा नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी या पायऱ्यांपर्यंत येऊन थांबावं. पवना धरणाचा जलाशय, तुंग, लोहगड आणि विसापूर तिथूनही झकास दिसतात.

बेडशाची लेणी याच रस्त्यावर, पण कामशेतच्या बाजूला. वाहकाला बेडसे लेण्यांचा फाटा म्हणून सांगायचं, फाट्यापासून गावातून चालत जाऊन पायऱ्या चढायच्या.

पाषाण
बेडसे आधी करा असं सुचवेन. चैत्यगृह पूर्वाभिमुख आहे, सकाळचा उजेड थेट ओसरीतल्या खांबांवर पडतो. घोडे, हत्ती आणि वर बसलेली जोडपी त्या उजेडात उठून दिसतात. दुपारनंतर सगळं सपाट होतं.

तटबंदी
उजेडाचं अगदी खरं. तरी बसने जाणाऱ्याने लांबचं टोक आधी उरकावं. तिकोना आटपून बेडशाला आलात तर तुम्ही रेल्वेच्या जवळ सरकलेले असता. पवनानगरहून येणारी कुठलीही एसटी किंवा जीप त्या फाट्यावर हात करून थांबवता येते. उलट केलंत आणि तिकोन्यावर उशीर झाला, तर अंधारात पेठेतून पवनानगरपर्यंत चालत यायचं, तेही पुढे गाडी असेल का याची खात्री नसताना. शिवाय तिकोन्यावर सावली थोडी, सकाळीच चढून ऊन टाळलेलं बरं. लेण्यांसाठीच जाणार असाल, तर बेडशाचा वेगळा अर्धा दिवस काढा.

घाटमाथा
ज्येष्ठांना सर्वांत सोयीचा कोरीगड. लोणावळा एसटी स्थानकातून आंबवणे किंवा भांबर्डे गाडी, पेठ शहापूरला उतरायचं. चढ जेमतेम पाऊण-एक तासाचा, बराचसा पायऱ्यांचा. वर दोन तळी, कोराईदेवीचं मंदिर, तोफा, आणि तटावरून गडाला पूर्ण फेरी मारता येते. आल्या वाटेनेच उतरा, पलीकडच्या पायथ्याला खाजगी वसाहत आहे.

त्याच रस्त्यावरचा घुसळखांब फाटा म्हणजे तुंग गडाची वाट. गड लहान, पण फाट्यापासून तुंगवाडी सुमारे ८ किलोमीटर. जाऊन-येऊन १६, आणि वर शेवटचा उभा चढ. चौघांनी मिळून हे करू नका. करणाऱ्या दोघांनी पहिली गाडी पकडावी आणि परतताना फाट्यावर अर्धा तास आधी येऊन रस्त्याच्या कडेला दिसेल असं उभं राहावं. झाडाखाली बसलेल्या माणसासाठी एसटी थांबत नाही.

पाषाण
एक मुक्काम चालणार असेल, तर गाडी नसण्याचा खरा फायदा राजमाची किल्ल्याला. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे पायथ्याची उधेवाडी सुमारे १५ किलोमीटर, फारसा चढ नाही. श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले बघून, गावात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांवरून कोंदिवडेला उतरायचं, तिथून एसटी किंवा टमटमने कर्जत. इंद्रायणीच्या खोऱ्यात चढून उल्हासच्या खोऱ्यात उतरता, दोन्ही टोकांना रेल्वे. स्वतःची गाडी असती तर ती आणायला परत लोणावळ्याला जावं लागलं असतं. उतार मात्र घसरडा आणि लांब आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तो टाळावा. पावसाळ्यात कोणीच उतरू नये.

पायवाट
पाणी किती घ्यावं? आणि आग्या मोहळांचं काय?

अनवाणी
माणशी ३ लिटर, तुंगला ४. टाक्यांतलं पाणी आयत्या वेळी पिण्यालायक असेलच असं नाही. मोहळं लेण्यांच्या माथ्यावर आणि कड्यांना असतात. अत्तर-परफ्यूम नको, धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर हात न झटकता डोकं-तोंड झाकून तिथून लांब जायचं. बेत पावसाळ्यावर ढकललात तर निघायच्या आधी तिथे जायला जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश आहे का ते बघा.

घाटमाथा
तिकिटाचं राहिलं. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, त्यामुळे तुमच्या ज्येष्ठांचं आधार कार्ड सोबत ठेवा. गटात कोणी बाई असेल तर मार्च २०२३ पासून त्यांनाही अर्धं. वडापला यातलं काही लागू नाही, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. परतीच्या हिशेबात तेवढी अर्धा तासाची वाट बघणं धरा.