जिना चढताना धाप लागते, पण ऑक्सिजन ९३ दाखवतो. मशीन घ्यावं का?

तळकोकण:
सासूबाई, वय ६६. विडी-तंबाखू कधीच नाही, पण निम्मं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं. स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) करून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार, सांगितलंय. रोज दोन वेळा रोटाहेलरमधून (औषधाची पावडर श्वासाने ओढायचं छोटं यंत्र) कॅप्सूल आणि लागेल तेव्हा साल्ब्युटामोलचा निळा पंप. बसल्या जागी ठीक असतात, आंघोळ केली किंवा एक मजला चढला की बोलता येत नाही. तेव्हाही ऑक्सिमीटर ९३ दाखवतो. घरी ऑक्सिजनचं मशीन आणावं का? आणि धाप लागल्या क्षणी काय करायचं?

फिजिओ_घाटमाथा:
९३ ला मशीनचा उपयोग नाही. सीओपीडीत श्वासनळ्या अरुंद आणि सैल झालेल्या असतात. घाईने श्वास सोडला की त्या मिटतात, जुनी हवा आतच अडकते आणि पुढचा श्वास भरलेल्या छातीत घ्यावा लागतो. पेशंटला वाटतं हवा आत जात नाही. खरी अडचण बाहेर पडण्याची असते. घरचे भोवती उभे राहून "मोठा श्वास घ्या" म्हणतात, त्याने उलट त्रास वाढतो.

त्या क्षणी खुर्चीवर पुढे झुकवून बसवा, कोपरं गुडघ्यांवर किंवा टेबलावरच्या उशीवर, खांदे सैल. तोंड मिटून नाकाने दोन आकडे मोजत श्वास, मग ओठांचा चंबू करून चार आकडे मोजत सोडायचा. जोर किती? समोर निरांजन असेल तर ज्योत हलावी, विझू नये. आवळलेल्या ओठांमुळे नळ्यांत थोडा दाब टिकतो आणि त्या मिटत नाहीत. छोटा पंखा वीतभर अंतरावरून नाक-ओठांवर धरला तरी धापेची जाणीव उतरते.

जिन्यावर उभं राहून श्वास घ्यायचा आणि सोडता सोडता एक-दोन पायऱ्या चढायच्या. श्वास रोखून भराभर चढून टाकणं अजिबात नको. आंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, खिडकी उघडी ठेवून. दोन्ही हात वर करून केस धुतले की श्वासाला मदत करणारे खांद्या-मानेचे स्नायू त्यातच अडकतात, म्हणून डोक्यावरून न्हाताना दुसऱ्या कुणी मदत करावी. अंग खसाखसा पुसण्यापेक्षा मोठा पंचा गुंडाळून बसू दे.

औषधांच्या_काउंटरवरून:
मशीनच्या आधी त्या औषध कसं ओढतात ते समोर बसून बघा. रोटाहेलर आणि निळा पंप यांची पद्धत एकमेकांच्या उलट आहे आणि गोंधळ तिथेच होतो.

रोटाहेलर: कॅप्सूल पारदर्शक टोकाकडून खाचेत घालायची, बूड फिरवून फोडायची. श्वास पूर्ण सोडायचा तो यंत्रात नव्हे, बाजूला. मग ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढायचं, १० सेकंद धरायचं. उघडून बघा, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायची. पावसाळ्यात कॅप्सूल आयत्या वेळी कोरड्या हातानेच काढा. दमट हवेने पावडरीच्या गुठळ्या होतात.

निळा पंप: हलवायचा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावायचा, एकदाच दाबून सावकाश श्वास घ्यायचा, १० सेकंद धरायचा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. स्पेसर साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळवा. फडक्याने पुसला तर स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीला चिकटतं.

कॅप्सूलमध्ये स्टिरॉइड असेल तर दर वेळी खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

तळकोकण:
आत्ताच बघितलं. दोनदा ओढूनही अर्धी पावडर तशीच. जोर लागतच नाही.

औषधांच्या_काउंटरवरून:
मग औषध पोचतच नाहीये. डॉक्टरांना नेमकं हेच सांगा. त्याच प्रकारचं औषध स्पेसरवरच्या पंपात किंवा नेब्युलायझरने देता येतं. मनाने मात्र बदलू नका. आंघोळीच्या १०-१५ मिनिटं आधी निळा पंप घेतला तर चालेल का, तेही विचारून घ्या.

छातीविभाग:
ऑक्सिजनबद्दल थोडं. घरी कायमचा ऑक्सिजन साधारणपणे तेव्हा लागतो, जेव्हा तब्येत स्थिर असताना, बसल्या जागी आकडा ८८ किंवा खाली राहतो आणि धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ते पक्कं होतं. मग तो दिवसाचे किमान १५ तास घ्यावा लागतो. सीओपीडीच्या अनेक पेशंटांत लक्ष्य ८८ ते ९२ एवढंच ठेवतात. हौसेने ९८ वर नेला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो: डोकं दुखतं, गुंगी येते.

बोट गार असेल किंवा नेलपेंट असेल तर आकडा फसवतो. मिनिटभर स्थिर होऊ द्या. चालवून झाल्यावरचाही आकडा नोंदवा.

निदान झालंय म्हणून प्रत्येक धाप फुप्फुसाचीच धरू नका. हिमोग्लोबिन, ईसीजी, इको झालंय का? आडवं पडल्यावर दम लागत असेल, पावलं सुजत असतील तर हृदय आधी बघायचं.

बेडका वाढला, हिरवा-पिवळा झाला किंवा निळा पंप नेहमीपेक्षा जास्त लागू लागला तर त्याच दिवशी दाखवा. ओठ निळसर, बसल्या जागी वाक्य पुरं होत नाही, गुंगी, छातीत दुखणं, पंपाने उतार नाही, यातलं काहीही दिसलं तर १०८. गाडी येईपर्यंत आडवं झोपवू नका, पुढे झुकवून बसवूनच ठेवा.