'प्रिव्हेंटिव्ह सिस्टिम'ला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: डॉन बॉस्को, म्हणजे एकोणिसाव्या शतकात गरीब पोरांसाठी काम करणारा इटालियन धर्मगुरू, त्याच्या शिक्षणपद्धतीवरची एक पुस्तिका मराठीत करतेय. प्रिव्हेंटिव्ह सिस्टिम हा शब्द पानोपानी आहे आणि एकाने सुचवलं 'प्रतिबंधात्मक पद्धती', ते वाचलं की डोळ्यासमोर एकतर पोलीस येतात नाहीतर डेंग्यूचं पत्रक. दुसरी अडचण आमोरेव्होलेत्सा, इटालियन शब्द. त्याच्या पद्धतीचे तीन खांब म्हणजे विवेक, धर्म आणि हा. सरळ 'प्रेम' लिहून मोकळी होऊ?

माटुंगेकर: आधी जरा अवांतर. आम्हाला लहानपणी चिडवायचे, काय रे कुठल्या डॉनच्या शाळेत जातोस! तर हा डॉन म्हणजे लॅटिन दोमिनुस, स्वामी, मालक. इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी लावतात, मूळ माणूस जिओव्हान्नी बॉस्को. मुंबईचा 'डॉन' पण त्याच घरातला, फक्त माफियाकडून फिरून आलेला 😀

वसईकर: प्रिव्हेंटिव्हचं लॅटिन मूळ 'आधी येणं' असं आहे, रोखणं हा अर्थ नंतरचा. 1877 च्या छोट्या निबंधात त्याने दोन पद्धती समोरासमोर ठेवल्यात, एक दडपणारी, म्हणजे नियम सांगा, लांबून लक्ष ठेवा आणि चुकला की ठोका, आणि दुसरी ही, जिच्यात शिक्षक आधीपासूनच पोरांच्यात असतो, मैदानात, जेवताना, सगळीकडे. सालेशियन, म्हणजे त्याने स्थापलेल्या संघाचे लोक, त्या हजर असण्याला असिस्टन्स म्हणतात. मी तरी 'सोबतीची पद्धत' म्हणेन, घरी कोणी नसलं की आपण नाही का म्हणत, रात्री सोबतीला ये.

शब्दवेडी: सोबत आवडलं. पण चोवीस तास सोबत म्हणजे पाळतच की हो.

वसईकर: आहे थोडी, नाकारत नाही. मूळ निबंधातही मुलांवर सतत नजर असावी असंच आहे. 'सोबत' म्हटलं की ती नजर झाकली जाते, तेव्हा एक टीप द्याच.

कोकणची आजी: आमोरेव्होलेत्साला प्रेम नको गं, फार ढोबळ. वात्सल्यात वरून खाली पाहणं येतं, लाड तर नकोच. 'लळा' बघ. माया आपण करतो, लळा समोरच्याला लागतो. त्याने 1884 साली रोमहून तूरिनच्या आपल्या माणसांना पत्र लिहिलं त्यातली तक्रार हीच होती की मुलांवर नुसतं प्रेम असून भागत नाही, ते मुलांना कळलं पाहिजे.

माटुंगेकर: लळा मांजराचा पण लागतो आजी.

कोकणची आजी: लागू दे की! त्याची ती गोष्ट माहितीये ना, 8 डिसेंबर 1841, बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा अनाथ पोरगा चर्चमागच्या खोलीत शिरला, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मदत करता येत नाही म्हणून सेवकाने त्याला बदडून हाकललं. बॉस्कोने परत बोलावलं. लिहिता येतं? नाही. वाचता? नाही. गाता? नाही. मग शिट्टी वाजवता येते का, तेव्हा कुठे पोरगं हसलं. क्रुसाची खूण कशी करायची ते त्यानंतर शिकवलं. याला तू प्रेम म्हण नाहीतर काय, मी लळाच म्हणणार.

शब्दवेडी: बरं, मग लळा. आता ओरेटरी राहिलं, म्हणजे बॉस्को पोरांना जमवायचा ती जागा. कोशात 'प्रार्थनागृह', पण त्याच्याकडे तर गवंडीकाम करणारी आणि धुराडी साफ करणारी पोरं रविवारी यायची, मिस्सा, धर्मशिक्षण आणि मग दिवसभर धिंगाणा.

वसईकर: तालीम!! कोपऱ्यात मारुती, मधे हौदा. आणि शब्द मूळ अरबी, अर्थ शिक्षण.

माटुंगेकर: भारी, पण वस्तादाच्या छडीचं काय? बॉस्को मारण्याच्या विरोधात होता.

शब्दवेडी: शिवाय मारुतीमुळे पुस्तिका तपासणाऱ्या फादरांचा फोन येईल तो वेगळाच. ओरेटरी तसंच ठेवते, तालीम टिपेत टाकते.